अळंबी, इवलाली माणसं आणि आमच्या आई

आषाढ-श्रावणात पाऊस जरा उघडला, उन्हाची तिरीप पडली, की आमच्या तळकोकणात रस्त्याच्या कडेला बायका पानांवर अळंबी मांडून बसतात. वारुळावर उगवणारी, लांब देठाची, ओल्या मातीचा वास असलेली. सकाळी नऊच्या आत गेलात तर मिळतील, नाहीतर नुसत्या पानांचं दर्शन! भाव विचारायचाच नाही. तरी आपण घेतोच, वर्षातून दोन-तीनदा तर खायची असतात. माझी शेजारीण मूळची सोलापूरकडची. ती दरवर्षी एकच प्रश्न विचारते, "विषारी नाहीत ना हो?" आणि विकणारी बाई दरवर्षी एकच उत्तर देते, "माझ्या आवशीच्या आवशीपासून ह्याच वारुळावरची हाडतंव गो!" मला तेवढं पुरतं.

यंदा मात्र ती अळंबी पिशवीत टाकताना मला एकदम चीन आठवला. हसू नका! मुलीने मला थोड्या दिवसांपूर्वी एक गोष्ट वाचून दाखवली होती, ती डोक्यातून जातच नव्हती.

चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान नावाचा प्रांत आहे. म्यानमार, लाओस, व्हिएतनामला लागून. जून ते ऑगस्ट हा तिथला अळंबीचा हंगाम, बाजार नुसते ओसंडून वाहतात म्हणे. त्यातल्या एका जातीच्या अळंबीला बोट लागलं किंवा सुरी लागली, की ती क्षणात निळी पडते. तिथल्या भाषेत तिला 'जिआन शौ छिंग' म्हणतात, म्हणजे हात लागताच निळी होणारी. वांगं चिरलं की काळं पडतं ना, तसाच हा हवेचा परिणाम. निळेपणा म्हणजे विष नव्हे. पण ही अळंबी नीट शिजली नाही, तर खाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी माणसं दिसू लागतात. छोटी, इवलाली, बोटाएवढी माणसं!

त्या प्रांताची राजधानी कुनमिंग. तिथल्या खानावळीत टेबलावरच शेगडी असते, तिच्यावर रस्सा उकळत असतो आणि त्यात अळंबी. वेटर घड्याळ लावून जातो. पंधरा-वीस मिनिटांची घंटा वाजेपर्यंत काही ठिकाणी तर खायच्या काड्यासुद्धा हातात देत नाहीत. लहान मुलाच्या हातातून चमचा काढून घेतात तसंच! शिवाय रश्श्याचा थोडा नमुना वाटीत काढून ठेवतात, कुणाला काही झालंच तर डॉक्टरांना दाखवायला. आणि सांगतात, घंटेच्या आधी खाल्लंत तर छोटी माणसं दिसतील हं. त्या माणसांना त्यांच्या बोलीत नावही आहे, 'शिआओ रेन रेन'. आपण 'पोट बिघडेल हं' म्हणतो, तितक्या सहज ते हे बोलतात.

१९९१ साली चीनच्याच दोन संशोधकांनी अशा रुग्णांची हकीकत लिहून ठेवली. ती माणसं एकटीदुकटी येत नाहीत, दहाबारा तरी असतात. कपडे घालायला जावं तर कपड्यांवर, जेवायला बसावं तर ताटलीवर. भिंतीवर चढतात, दाराखालच्या फटीतून रांगेने आत येतात. आणि डोळे मिटले तर जातील म्हणावं, तर मिटल्यावर उलट जास्तच स्पष्ट दिसतात! तिथल्या एकेका इस्पितळात वर्षाला शेकड्यांनी असे रुग्ण येतात.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातला कॉलिन डॉमनॉवर नावाचा एक तरुण संशोधक याच्या मागे लागला. ज्या अळंबीने असं होतं ती त्याने शोधली, तिचं शास्त्रीय नाव 'लानमाओआ आसियाटिका'. हे नाव लान माओ या युन्नानच्या पंधराव्या शतकातल्या वैद्यावरून आलंय. स्वतःच्या आईच्या आजारपणामुळे तो औषधांच्या अभ्यासाला लागला, असं सांगतात. त्याने आपल्या मुलखातल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. आता त्याच्या नावाची अळंबी लोकांना बुटकी माणसं दाखवते आहे. पुढे या तरुणाने फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरात राहणाऱ्या लोकांकडून, जिने छोटी माणसं दिसतात अशी तिथली अळंबी मिळवली. तपासली तर तीच जात निघाली. चीनच्या डोंगरातल्या आणि फिलिपिन्सच्या डोंगरातल्या माणसांची भाषा वेगळी, देव वेगळे, पण अळंबी पोटात गेल्यावर दिसतं ते एकच. खाल्ल्यानंतर बारा ते चोवीस तासांनी हे सुरू होतं आणि एक ते तीन दिवस टिकतं. नशेच्या अळंबीत जो पदार्थ असतो, तो हिच्यात नाही. मग नेमकं कशाने होतं, ते शास्त्रज्ञ अजून शोधताहेत.

गंमत म्हणजे २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अर्थमंत्री जेनेट येलेन बीजिंगला गेल्या होत्या आणि एका युन्नानी खानावळीत त्यांनी हीच निळी पडणारी अळंबी खाल्ली. नंतर जगभर चर्चा! बाईंनी शांतपणे सांगितलं, नीट शिजलेली होती, मला काही झालं नाही. स्वैपाक्याचं कौतुक कुणी केलं की नाही, कोण जाणे.

तर मैत्रिणींनो, ही झाली गोष्ट. पण माझ्या मनात जे रुतून बसलं ते वेगळंच होतं. युन्नानमध्ये एखादा माणूस म्हणाला की मला भिंतीवर माणसं दिसतात, तर घरचे त्याला पहिला प्रश्न विचारतात, "काल काय खाल्लंस?" एवढंच. तू वेडा झालास का, असं नाही. कुणी करणी केली का, असंही नाही. काय खाल्लंस, कुठे खाल्लंस, किती शिजलं होतं. मग दवाखाना. बरा होऊन आला की शेजारीपाजारी विचारतात, "काय रे, कशी होती माणसं? काय करत होती?" त्याच्याकडे सांगायला एक गोष्ट असते आणि ऐकायला माणसं असतात.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे दोनच कप्पे. एक देवाचा-भुताचा, दुसरा वेडाचा. ज्याला काहीतरी दिसतं त्याला या दोनातल्या एका कप्प्यात टाकायचं आणि वरून दडपण ठेवायचं. त्यातून दिसणारी बाई असली, तर विचारायलाच नको.

बाईवरून आठवलं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, वाघी नदीच्या खोऱ्यात कुमा नावाचे लोक राहतात. मेरी रे नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासक बाई १९५० च्या दशकात त्यांच्यात जाऊन राहिल्या. तिथे अळंबी खाऊन काहीजणांना 'वेड' लागतं असं त्यांनी लिहून ठेवलंय. पुरुषांना लागलं की ते भाले घेऊन धावत सुटायचे, डोक्याभोवती रानातली भुतं घोंघावतात म्हणायचे. आणि बायकांना लागलं की? त्या खिदळायच्या, नवऱ्याची ठेवणीतली पिसं डोक्यात खोवून, हत्यारं हातात घेऊन, एरवी फक्त पुरुष नाचतात तशा रांगेत नाचायच्या. आपल्या खऱ्याखोट्या प्रेमप्रकरणांच्या गोष्टी मोठमोठ्याने सांगायच्या! आणि उतरल्यावर कुणी त्यांना जाब विचारायचं नाही. अळंबीने झालं ना, मग संपलं. पुढे १९६३ साली रोजे हाइम आणि गॉर्डन वॉसन हे दोघे अभ्यासक मुद्दाम तिथे गेले, तर त्यांना शंकाच आली की हे सगळं खरंच अळंबीमुळे होतं का. कारण तीच अळंबी लोक एरवीही खात, तेव्हा काही होत नसे.

मला विचाराल तर मला त्या बायका एकदम ओळखीच्या वाटल्या. आपल्याकडे नाही का अंगात येत? वर्षभर तोंडातून ब्र न काढणारी सून नवरात्रात अंगात आलं की सासऱ्याला एकेरीत हाक मारते, आणि सगळं घर हात जोडून उभं राहतं. कुमा बायकांच्या त्या नाचात अळंबी किती आणि वर्षभराचं साठलेलं किती, हे मेरीबाईंनाच माहीत. पण बोलायला, नाचायला बाईला काहीतरी निमित्त लागतं, मग ते देवीचं असो की अळंबीचं, एवढं मला पटलं.

आता आमच्या आईंचं सांगते. आई म्हणजे सासूबाई.

आईंना काचबिंदू होता. तोही उशिरा कळलेला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, दुसऱ्याने सावल्यांसारखं. पण डोकं एकदम साफ. दूधवाल्याचा हिशोब तोंडावर, कुणाच्या लग्नात कुणी किती आहेर केला तेही तोंडावर. एका संध्याकाळी मी ओटीवर तांदूळ निवडत होते, आई शेजारी बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "तुका दिसत नाय गो? खिडकीच्या कट्ट्यावर बघ. बोटाएवढी बायल माणसां. लाल, पिवळी पातळां नेसलीहत. रांगेन चललीहत."

मी पाहिलं, कट्ट्यावर उडदाच्या पापडांचा डबा होता. मी घाबरले. खरं सांगते, हातातलं सूप खाली पडलं.

त्यांचा आवाज मात्र अगदी शांत होता, कावळा बसलाय म्हणून सांगावं तसा.

मग जे सुरू झालं! आमच्या वन्सं धावत आल्या, त्यांनी सांगितलं की घराच्या मागच्या फणसाखाली कुणीतरी आहे. गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला, कोंबडा दिला. मोठ्या भावजींचं म्हणणं, वय झालं, डोकं फिरत चाललंय, आता चाव्या त्यांच्याकडे ठेवू नका. चाव्या काढून घेतल्या. एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी आईंकडे पाहिलंही नाही, आमच्याशीच बोलले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आई दिवसभर पेंगू लागल्या. दोन महिन्यांनी आईंनी सांगितलं, "आता दिसनत नाय." सगळे खूश. वन्सं म्हणाल्या कोंबडा लागू पडला, भावजी म्हणाले गोळ्या लागू पडल्या.

पण मी घरात चोवीस तास होते ना! आई स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी यायच्या, थबकायच्या आणि पातळाच्या निऱ्या चिमटीत धरून हलकेच वर उचलायच्या. मग पाय लांब टाकून आत यायच्या. कुणाला तरी तुडवू नये म्हणून. २०१२ साली आई गेल्या, तोवर दोन वर्षं त्या असं पाऊल टाकत होत्या. मी रोज बघत होते आणि एकदाही विचारलं नाही, आई, किती आहेत? कशा आहेत? चाव्या गेल्या, नारळ झाले, झोपवून ठेवलं, त्यामुळे त्यांनी बोलायचंच सोडून दिलं, हे मला कळत होतं. आणि मीही गप्प राहिले. उगाच पुन्हा घरात तमाशा नको म्हणून.

युन्नानची गोष्ट वाचल्यावर मी मुलीच्या मागे लागून आणखी शोधायला लावलं. तेव्हा कळलं, की छोटी माणसं दिसण्याला डॉक्टरी भाषेत नावच आहे. १९०९ साली राउल लेरुआ या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने गलिव्हरच्या गोष्टीतल्या लिलिपुटवरून ते ठेवलं, लिलिपुटी भास. त्याने तेव्हाच लिहिलं होतं, की ही माणसं बहुधा रंगीबेरंगी कपड्यांतली, चालती-फिरती, घोळक्याने येणारी असतात आणि पुष्कळदा बघणाऱ्याला त्यांची भीती वाटत नाही. लाल, पिवळी पातळं... मी ते दोनदा वाचलं.

आणि दुसरं म्हणजे, हे फक्त अळंबीने होत नाही. ज्यांची नजर गेलेली असते अशा म्हाताऱ्या माणसांनाही होतं. १७६० साली स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने नावाच्या अभ्यासकाने आपल्या नव्वदीला टेकलेल्या आजोबांबद्दल लिहिलं. मोतीबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. आजोबांचं डोकं ठणठणीत होतं, आपल्याला दिसतं ते खरं नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्या देखाव्यांची मजा घ्यायचे. आज त्याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून मेंदूला चित्रं पोचेनाशी झाली, की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रं रंगवू लागतो. यात वेड नाही, बाधा नाही. नुसतं एवढं कळलं तरी माणसाची निम्मी भीती जाते. खोलीत उजेड वाढवला, नजर इकडून तिकडे फिरवली, डोळ्यांची उघडझाप केली, तर कित्येकदा चित्र निघूनही जातं.

म्हणजे नातवाने आजोबांना विचारलं आणि आजोबांनी सांगितलं, त्याला अडीचशेहून जास्त वर्षं होऊन गेली. आणि आम्ही कोंबडा कापला.

आता हे वाचून कुणी म्हणेल, प्रत्येक भास म्हणजे गंमतच की! तसं मुळीच नाही. एकाएकी भास होऊ लागले, त्यासोबत ताप असला, बोलण्यात असंबद्धपणा आला, माणूस घाबराघुबरा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. एखाद्या नव्या गोळीने होतं, साखर उतरल्याने होतं, मेंदूच्या काही आजारांतही होतं. पण डॉक्टरांना सांगताना काय दिसतं, कधी दिसतं, काय खाल्लं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, नजर कशी आहे, हे सगळं सांगायचं. आणि ज्याला दिसतं त्यालाच बोलू द्यायचं. आम्ही आईंना बोलूच दिलं नाही.

आणि अळंबीच्या वाटेला गंमत म्हणून तर कुणी जाऊच नका. युन्नानचे लोकही छोटी माणसं बघायला म्हणून ती खात नाहीत, चवीसाठी खातात, आणि चुकलं तर इस्पितळात जातात. शिवाय काही रानटी अळंबी माणसं दाखवत बसत नाही, सरळ माणूसच नेते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा जण गेले, बहुतेक चहामळ्यांतली गरीब माणसं. असल्या अळंबीचं विष शिजवूनही जात नाही. आधी तासन्‌तास काही होत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, थोडं बरंही वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. किडा लागलेली अळंबी चांगली, लसूण टाकून काळा पडला नाही तर चांगली, या आपल्या जुन्या परीक्षांना काही अर्थ नाही. ओळखीच्या बाईकडून, ओळखीच्या वारुळावरची, नाहीतर सरळ डब्यातली विकतची. आणि भाजी बाधली की बोल लागतो तो भाजी करणारीला, हे काय तुम्हाला सांगायला हवं!

हे सगळं मी लिहिते आहे त्याचं कारण आमच्या शेजारणीची आई. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे खराब झाले म्हणून लेकीने तिला सोलापूरहून इकडे आणलं. मागच्या महिन्यात शेजारीण रात्री दहाला आमच्या दारात, डोळ्यांत पाणी. "वहिनी, आईला भिंतीवर बारकी माणसं दिसतात म्हणते. गुरुवारी कुठं दाखवून आणू का?" मी म्हटलं, आधी साखर बघ, मग उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने आणि त्यांना हे असंच्या असं सांग. साखर ठीक होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि शार्ल बोनेचंच नाव सांगितलं. शेजारीण येताना पेढे घेऊन आली!

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. आजी खाटेवर बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे. मी शेजारी टेकले आणि विचारलं, "आजी, आहेत का आत्ता?"

त्या माझ्याकडे वळल्या. मी चेष्टा करते आहे का, ते अंदाजत होत्या बहुधा. मग म्हणाल्या, "हायती की."

"काय करतायत?"

"वरात चाललीया. फेटं बांधल्यात समद्यांनी. फुडं घोडा हाय, एवढुसा."

"कुणाची वरात, आजी?"

"आता ते काय मला सांगून निघत्यात व्हय!" आजी म्हणाल्या, आणि मला नीट बघता यावं म्हणून जरा बाजूला सरकल्या.